विंडोज १०चा सपोर्ट संपला : आईबाबांचा जुना लॅपटॉप ठेवावा की बदलावा?

नळस्टॉप

आईबाबा कोथरूडला राहतात, मी बाणेरला. त्यांच्याकडे २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेल आय-५ सातवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत, त्यांचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. आई भजनी मंडळाचे अभंग आणि चाली मराठीत टाइप करून ठेवते, बरीच वर्षं हे काम नेमाने चाललं आहे. याखेरीज नेटबँकिंग, यूट्यूब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल.

आता तक्रारी. बटण दाबल्यापासून एक्सेल हाताशी येईपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात. पंखा सतत घुरघुरतो. चार्जिंगला लावून वापरताना धातूच्या भागाला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून पडद्यावर सूचना यायला लागल्या आहेत, त्या वाचून बाबा धास्तावतात. बँकेचं काही उघडायलाच नको म्हणतात.

जवळच्या एका दुकानात दाखवला. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "हा भंगारात द्या, नवीन घ्या." नवीन घ्यायला पैशांची अडचण नाही. पण दोघांचाही हात या मशीनवर बसला आहे, आणि पडदा नि कीबोर्ड अजून उत्तम आहेत. खरंच काही करता येण्यासारखं असेल तर मला ते करायचं आहे.

सोल्डरगन

ताई, बुधवार पेठेत माझं दुरुस्तीचंच काम आहे. न उघडता निदान करणाऱ्याकडे परत जाऊ नका.

आधी एक गोष्ट घरीच बघा. लॅपटॉप सुरू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. मशीन रखडलेलं असताना प्रोसेसर दहा-वीस टक्के आणि डिस्क शंभर टक्के दिसली, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. माझ्याकडे येणाऱ्या या वयाच्या बहुतेक लॅपटॉपांचं दुखणं हेच असतं.

कारण समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. त्या काळच्या लॅपटॉपांत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क असायची. तबकडी फिरते, तिच्यावरून एक दांडी मागेपुढे सरकते. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरेक जागा झाल्या तरी खूप. विंडोज सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात. सगळा वेळ त्या दांडीच्या धावपळीत जातो. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क, तिच्यात हलणारा भागच नसतो. तीच वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते.

त्यात तुमची रॅम ४ जीबी. विंडोज आणि ब्राउझर मिळूनच ती भरते. भरली की मशीन उरलेलं सामान डिस्कवर ठेवून पुन्हा उचलतं, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर दुहेरी भार. म्हणून एसएसडी आणि ८ जीबी रॅम, दोन्ही एकदम करा. फक्त रॅम वाढवून समाधान होणार नाही.

पंखा घुरघुरतो याचा अर्थ बहुधा आतल्या जाळीत धूळ साचली आहे आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली आहे. पुण्यात आज जिकडेतिकडे बांधकाम आणि खोदकाम, धूळ जाणार कुठे? मागचं झाकण उघडेल तेव्हाच साफ करून नवी पेस्ट लावून घ्या. आणि बॅटरी फुगली आहे का तेही बघा. टचपॅड वर उचलल्यासारखा किंवा दाबायला कडक लागत असेल तर चार्जिंग थांबवा, ती टोचू-दाबू नका, बदलून घ्या.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ०५ आणि सी-५ या दोन ओळींसमोर काय आकडे आहेत ते इथे टाका.

हिंजवडी_फेज२

विंडोजच्या बाजूचं मी सांगतो.

विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर बाकी यादीबाहेर आहेत. तुमच्या मशीनमध्ये टीपीएम बहुधा असेल, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, पीटीटी या नावाने बंद असतो. पण तो चालू केला तरी प्रोसेसरपाशी गाडी अडणार. नियम चुकवून ११ घालायच्या युक्त्या सगळीकडे लिहिलेल्या आहेत. तरीही आईबाबांच्या मशीनवर मी ते करणार नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

त्यापेक्षा सरळ रस्ता आहे. विंडोज १०चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण. विंडोज १०ची आवृत्ती २२एच२ असणं गरजेचं आहे.

बाबांना एवढं सांगा की सपोर्ट संपला म्हणजे मशीन त्या रात्रीतून उघडं पडलं असं नाही. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या विषाणूंच्या याद्या ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहणार आहेत. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०ला संपला होता, तरी क्रोम त्यावर २०२३च्या सुरुवातीपर्यंत चालत होता. पण सुरक्षा अपडेट न घेता वर्षानुवर्षं बँकेचे व्यवहार करणंही बरोबर नाही. नोंदणी करा आणि निश्चिंत मनाने बँक वापरा.

एक विचारायचं राहिलं, ऑफिस कुठलं आहे? २०१६ आणि २०१९ या दोन्ही ऑफिसचा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबरला संपला.

पेंग्विनप्रेमी

वर्षभराची मुदतवाढ घेऊन २०२६च्या ऑक्टोबरात पुन्हा हाच धागा काढणार का? एसएसडी टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घाला. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेनू, फायलींची खिडकी, सगळं विंडोजच्या वळणाचं. एक्सेल-वर्डची कामं करणारं फुकट लिबरऑफिस सोबतच येतं. बँका, यूट्यूब, व्हिडिओ कॉल हे सगळं ब्राउझरमध्येच चालतं. जुन्या हार्डवेअरला निवृत्त करायचा अधिकार सॉफ्टवेअर कंपनीला का द्यायचा, हा माझा मूळ प्रश्न आहे.

हिशेबनीस

मिंट चांगलं आहे, पण आधी वापरणाऱ्याचं काम बघा. सदाशिव पेठेत आमचं करसल्ल्याचं ऑफिस आहे. टॅली लिनक्ससाठी येत नाही. डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी पोर्टलवर सही करायची तर विंडोजवर जितकं सुरळीत होतं तितकं तिथे होत नाही. नळस्टॉपताईंच्या बाबांना यातलं काही लागत नसेल तर प्रश्न फक्त एक्सेलचा. साध्या बेरजा, वजाबाक्या, फिल्टर लिबरऑफिसमध्ये व्यवस्थित चालतात. मॅक्रो, म्हणजे शीटमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, असतील तर मात्र प्रत्येक तपासून घ्यावा लागेल. सोसायटीच्या शीटमध्ये कुणीतरी हौसेने पावत्या छापायचा मॅक्रो घातलेला असतो, आणि तो बिघडला की सभेआधी बाबांचीच धावपळ होते.

माझा सल्ला : लिबरऑफिस आत्ता विंडोजवरच टाका. बाबांना हिशेबाच्या फाइलची एक प्रत तिथे उघडून महिनाभर वापरू द्या. जमलं तर मिंटचा विचार, नाही तर नाही.

टंकलेखिका

सगळे डिस्क नि विंडोजवर बोलताहेत, मला आईंच्या अभंगांची काळजी वाटते. नळस्टॉप, त्या कुठल्या फॉन्टमध्ये टाइप करतात? फाइल उघडा, एक ओळ निवडा आणि फॉन्टचं नाव सांगा.

नळस्टॉप

टास्क मॅनेजरमध्ये सोल्डरगन म्हणाले तेच दिसलं. डिस्क १०० टक्के, प्रोसेसर १२. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर पिवळ्या रंगात 'कॉशन' आहे, ०५ समोर आणि सी-५ समोर शून्य नाही, दोन्हीकडे काहीतरी आकडे आहेत. ऑफिस २०१६ आहे. टॅली नाही, सहीचं टोकन नाही.

आईच्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. अलीकडच्या काही मंगलमध्ये.

सोल्डरगन

पिवळं दिसलं ना, मग आता बाकी सगळं थांबवा. ०५ म्हणजे डिस्कने खराब झालेल्या जागा सोडून राखीव जागा वापरल्या. सी-५ म्हणजे काही जागा वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. ही डिस्क आणखी वर्षभर चालेल किंवा उद्या बंद पडेल. चेकडिस्क चालवू नका, डिफ्रॅग करू नका, अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन करू नका. या तिन्हींत डिस्क टोकापासून टोकापर्यंत घासली जाते.

आधी फायली बाहेर काढा. पहिल्यांदा आईचे अभंग आणि बाबांचे हिशेब, मग फोटो, चित्रपट-गाणी सर्वांत शेवटी. आणि या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, नको. एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्याच मशीनवर इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होतं.

पेंग्विनप्रेमी

इथे मिंटचा उपयोग सगळ्यांना मान्य होईल. मिंटचा पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता. विंडोज सुरू होत नाही, त्यामुळे आजारी डिस्कला तिची धावपळ करावी लागत नाही. तुमच्या फायलींचं फोल्डर उघडा आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, शेवटी पुन्हा प्रयत्न करा. ड्राइव्ह उघडताना बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) किल्ली मागितली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

टंकलेखिका

श्रीलिपी म्हणजे मला वाटलं होतं तेच. नवीन विंडोज टाकण्याआधी हे वाचा, आणि आईंनाही वाचून दाखवा.

श्रीलिपी, आयएसएमचे डीव्हीटीटी, कृतिदेव, हे सगळे युनिकोडपूर्व फॉन्ट. यांच्यात मराठी अक्षर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतंच. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, फॉन्ट त्या क्रमांकांवर 'क', काना, वेलांटी अशी चित्रं काढतो. फॉन्ट गेला की खाली उरतो तो निव्वळ रोमन खिचडीचा मजकूर. प्रत्येक फॉन्टची क्रमांकांची वाटणी वेगळी, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याने वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, ०९०० ते ०९७एफ. 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो, मशीन कुठलंही असो. मंगलमधल्या फायली त्यामुळे सुरक्षित आहेत.

श्रीलिपी पुण्यातच घडली, आणि आपल्या शहरातल्या किती छापखान्यांनी, मंडळांनी, देवळांनी त्यात काम केलं असेल! १९८८ साली इथे सी-डॅक सुरू झालं, तिथल्या लोकांनी भारतीय भाषा संगणकावर आणायला जिवाचं रान केलं. त्या काळात हे फॉन्ट नसते तर मराठी डीटीपी उभंच राहिलं नसतं. त्यांना नावं ठेवू नयेत. पण त्या फायली तशाच ठेवणं म्हणजे एक मशीन बंद पडण्याची वाट बघणं. माझ्याकडे दिवाळी अंकांची जुनी पानं घेऊन लोक येतात आणि फॉन्टच सापडत नाही, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

म्हणून जुना लॅपटॉप सुरू आहे तोवर हे करा. फायली कॉपी झाल्यावर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या श्रीलिपीच्या सगळ्या फॉन्टफायली बाहेर काढून ठेवा. सॉफ्टवेअरची सीडी किंवा डाँगल घरात कुठे असेल तर तेही शोधा. मग प्रत्येक अभंगफाइलची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं फाइलसोबतच जातात, त्यामुळे ती कुठेही जशीच्या तशी दिसते. पुढे रूपांतर करताना मूळ काय होतं हे ताडून बघायला तीच कामाला येते.

त्यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर. परिवर्तक त्या विशिष्ट फॉन्टचाच हवा. झाल्यावर तीन ठिकाणी हमखास चुका सापडतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचं तसंच. आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र बऱ्याच परिवर्तकांना कळतच नाही. अभंगात एक मात्रा हलली तरी चाल अडखळते, म्हणून हे वाचन आईंनीच करावं. त्यांना पाठ असेल, डोळा लगेच पकडेल.

कीबोर्डची चिंता नको. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक विंडोजमध्येही असतो, मिंटमध्येही. टायपिंगची परीक्षा दिलेल्यांचा हात टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर असतो, त्या मांडणीचे युनिकोड कळफलकही मिळतात. आईंची बोटं जिथे बसली आहेत तीच मांडणी लावा, नवीन शिकायला लावू नका.

फेज_न्यूट्रल

झिणझिण्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. वीजखात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून लिहितो.

लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये विजेचा खरखराट दाबायला एक छोटा कपॅसिटर २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपचा धातू साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्याही अंशाएवढा असतो, म्हणून झटका बसत नाही, झिणझिण्या येतात. स्वतः ते धोक्याचं नसलं तरी अर्थिंग नसल्याची ती खूण असू शकते. आणि त्याच घरात गीझर आणि वॉशिंग मशीन असतं, तिथे अर्थिंग नसणं नक्कीच धोक्याचं.

अडॅप्टरची पिन दोन काट्यांची की तीन, ते बघा. तीन असून झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३०, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट यायला हवेत. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत अर्थिंगचा पाइप वर्षानुवर्षं कोरडा असतो. माती कोरडी म्हणजे अर्थिंग नावापुरतं. बाबा खजिनदार आहेत ना? मग या खर्चाला कमिटीची मंजुरी मिळवायला वेळ लागू नये. गळतीवर तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर घरात आहे का, तेही त्याच भेटीत बघून घ्यायचं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, कॉल मध्येच तुटत नाही.

हिंजवडी_फेज२

खरेदीबद्दल थोडं. तपकीर गल्लीत, म्हणजे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं तर आधी लॅपटॉप उघडून नक्की काय बसतं ते बघून जा. २.५ इंची साटा एसएसडी तुमच्या हार्ड डिस्कच्या जागी बसेलच. मदरबोर्डवर एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल तर तिथे साटा चालते की तिच्याहून वेगवान एनव्हीएमई, ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, दोन्हींचा आकार एकच असतो आणि दुकानात गल्लत होते. वेगातला फरक एवढ्या कामाला जाणवणार नाही, उगाच महागाच्या मागे लागू नका. रॅम डीडीआर४ की डीडीआर३ तेही बघा, सातव्या पिढीत दोन्ही सापडतात. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण कंपन्यांचं उत्पादन डेटा सेंटरांकडे वळलं आहे. वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवून बघा. एसएसडी मात्र नवीच, पक्क्या बिलासह.

कुणाला बदलायचाच असेल तर आयटी कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीपुढचे रिफर्बिश्ड लॅपटॉप पुण्यात भरपूर येतात. घेताना दुकानातच विंडोज नव्याने टाकून, वायफाय जोडून बघा. मशीन अजून कंपनीच्या नावावर नोंदलेलं असेल तर त्याच वेळी कंपनीचं लॉगिन मागतं. बायोसला पासवर्ड असेल तर हातच लावू नका.

नळस्टॉप

झालं सगळं. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून फायली निघाल्या, दोन-तीन चित्रपट सोडून काही गेलं नाही. अभंग आणि हिशेबांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक माझ्याकडे. आईने पीडीएफ स्वतः काढल्या. सोल्डरगन यांनी सांगितलं तसं माझ्या ओळखीच्या एका कारागिराने समोर उघडून साफ केलं, एसएसडी आणि ८ जीबी रॅम बसवली. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडायला आता मिनिटही लागत नाही. विंडोज १०च ठेवलं, मुदतवाढीची नोंदणी केली, बाबा लिबरऑफिसमध्ये रमले आहेत. त्यांच्या शीटमध्ये खरंच पावत्यांचा मॅक्रो निघाला, हिशेबनीस, त्यासाठी एक्सेल अजून काढलेलं नाही. पिन तीन काट्यांची आहे, पण त्या भिंतीतल्या सॉकेटला अर्थची वायरच जोडलेली नव्हती. ती जोडली, झिणझिण्या गेल्या.

आईचं रूपांतर चालू आहे. रोज थोडं वाचते, वेलांट्या दुरुस्त करते.

जुनी डिस्क काय करू? त्यात बँकेची स्टेटमेंट आहेत.

सोल्डरगन

आईंचं रूपांतर पुरं होईपर्यंत तशीच कपाटात ठेवा. नंतर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका, झटपट (क्विक) फॉरमॅटने मजकूर जात नाही. चांगल्या डिस्कवर शून्य लिहून पुसता येतं, पण हिच्या खराब जागांवर काही लिहिलंच जाणार नाही. सरळ तबकडीच फोडायची. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, कपचे उडतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून मग हातोडी मारा. तुकडे सांडू न देता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. सुक्या कचऱ्यात टाकू नका, तो हाताने निवडणाऱ्या माणसाच्या हातात काच जाते.

टंकलेखिका

'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' सगळ्या फायलींत एकदम शोधून बदलता येतील. रूपांतरात ते नक्की कसे उमटले आहेत, त्याची एक ओळ इथे चिकटवा. मी शोध-बदलाचं कोष्टक करून देते, आईंचा डोळ्यांचा बराच त्रास वाचेल.